डेस्कटॉप चालू होईना? पार्ट घ्यायच्या आधी हे करून बघा

पाऊस सुरू झाला की माझ्या टेबलावर बंद कम्प्युटरांची रांग लागते. रत्नागिरीत १९ वर्षं मी हेच काम करतेय. मशीन खाली ठेवता ठेवताच समोरचा माणूस सांगतो, "ताई, मदरबोर्ड गेलाय." बहुतेक वेळा तो गेलेला नसतो. गेल्या जूनमध्ये एका फोटोग्राफरकाकांचं वर्कस्टेशन, म्हणजे जड कामाचा दणकट कम्प्युटर, आलं, लग्नांचे अल्बम बनवायचं. दुसरीकडून बोर्ड बदलायचं कोटेशन घेऊनच ते आले होते. दोष निघाला रॅमच्या एका स्टिकच्या काळवंडलेल्या पिनांत. काकांचे पैसे वाचले, पण ज्यांचे वाचत नाहीत त्यांचं मला फार वाईट वाटतं. म्हणून मी ज्या क्रमाने बघते तो क्रम इथे लिहिते.

आधी एक ठरवा: "चालू होत नाही" म्हणजे नक्की काय? बटण दाबल्यावर पंखाही हलत नाही? पंखा क्षणभर फिरून थांबतो? पंखे फिरतात पण स्क्रीन काळी? की कंपनीचा लोगो येतो आणि पुढे विंडोज येत नाही? हे चार वेगळे आजार आहेत.

पंखाही हलत नसेल तर कॅबिनेट उघडू नका, भिंतीपासून सुरुवात करा. एक्स्टेन्शन बोर्ड बाजूला ठेवून थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. एसएमपीएस, म्हणजे भिंतीची वीज कम्प्युटरला लागेल तशी करून देणारा डबा, त्याच्या मागचा छोटा स्विच बघा. झाडलोट करताना तो बंद झालेला मी कितीदा पाहिलाय. मग केबल काढून पॉवरचं बटण १५-२० सेकंद दाबून धरा, आणि पुन्हा लावा. वीज गडगडल्यावर किंवा व्होल्टेज वरखाली झाल्यावर एसएमपीएस स्वतःला वाचवण्यासाठी बंद होऊन बसतो. आत उरलेली वीज निघून गेली की बरेचदा पुन्हा चालू होतो.

इथे अर्थिंगबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात का? "कम्प्युटरला थोडा करंट असतोच" म्हणून लोक सोडून देतात. तो नसायला हवा. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. त्यांतून झिरपणारी वीज अर्थमध्ये जावी अशी रचना असते. अर्थ नसेल तर पत्रा साधारण ११० व्होल्टवर तरंगत राहतो. अशा मशीनला चालू स्थितीत मॉनिटरची केबल लावली की ग्राफिक्स कार्डचा पोर्ट जळू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या: फेज ते अर्थ साधारण २३० व्होल्ट, न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्टच. यात कंजुसी करू नका.

भिंत ठीक असेल तर एसएमपीएस. साध्या, असेंबल केलेल्या मशीनमध्ये २४ पिनांच्या कनेक्टरची जांभळी वायर मल्टीमीटरने मोजा. भिंतीचा स्विच चालू असेपर्यंत तिथे ५ व्होल्ट दिसायलाच हवेत, मशीन बंद असलं तरी. नसतील तर एसएमपीएस गेला. असतील तर स्विच बंद करून कनेक्टर बोर्डातून काढा, हिरवी वायर शेजारच्या काळीला तारेच्या तुकड्याने जोडा आणि मग स्विच चालू करा. पंखा फिरला पाहिजे. पिवळीवर ११.४ ते १२.६ आणि लालवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट चालतात. पण ही चाचणी भाराशिवायची आहे. इथे पास झालेला एसएमपीएस मोठं ग्राफिक्स कार्ड लावल्यावर नापास होऊ शकतो. सगळ्या वायरी काळ्या असतील, किंवा मशीन ब्रँडेड कंपनीचं सेकंडहँड वर्कस्टेशन असेल, तर हा प्रयोग टाळा. त्यांचे कनेक्टर अनेकदा वेगळे असतात. आणि एसएमपीएसचा डबा स्वतः कधीही उघडू नका. केबल काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्ट उरलेले असू शकतात.

पंखे फिरतात पण स्क्रीन काळी, ही सगळ्यात जास्त येणारी तक्रार. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डाला आहे की चुकून बोर्डाच्या पोर्टला, ते बघा. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल, किंवा मशीन झिऑनचं (इंटेलचा वर्कस्टेशन-सर्व्हरसाठीचा प्रोसेसर) असेल, तर बोर्डाच्या पोर्टातून बहुधा चित्र येणारच नाही. मग बोर्डाची कडा बघा. बऱ्याच नव्या बोर्डांवर चार बारीक दिवे असतात: सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स), बूट (विंडोज असलेली डिस्क). जो दिवा पेटून राहील तिथे गाडी अडली आहे.

कोकणात हा दिवा बहुतेकदा डीरॅमचा असतो. खारी, दमट हवा पिनांवर बसते. रॅम काढा, कापसाला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पिना पुसा, नीट सुकू द्या, आणि दोन्ही टोकं 'टक्' वाजेपर्यंत दाबून बसवा. खोडरबराने घासायची पद्धत सगळीकडे आहे, पण मला ती आवडत नाही. सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा भुगा स्लॉटमध्ये पडतो. एकच स्टिक लावायची असेल तर चार स्लॉटांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून दुसरा स्लॉट वापरा. डीडीआर ५ रॅम बदलल्यावर पहिल्यांदा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते. मशीन रॅमशी जुळवून घेत असतं. घाबरून बंद करू नका.

एवढ्याने भागलं नाही तर मी सगळं काढते. बोर्ड कॅबिनेटबाहेर, कोरड्या पुठ्ठ्यावर. त्यावर फक्त प्रोसेसर, त्याचा पंखा, एक रॅम, २४ पिनांचा कनेक्टर आणि प्रोसेसरजवळचा ८ पिनांचा. चालू करायला फ्रंट पॅनेलच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवायचं. बाहेर चालू झालं आणि आत होत नाही, तर बोर्डाखाली एखादा जादा पितळी स्टड (बोर्ड ज्यावर कसतात तो खुंटा) किंवा पडलेला स्क्रू टेकतोय. पंखा क्षणभर फिरून थांबणाऱ्या मशीनमध्ये मी हेच आधी तपासते.

बोर्ड खरंच गेला का, हे ठरवायला माझी आवडती चाचणी: बोर्डाला छोटा स्पीकर लावा, सगळी रॅम काढा, चालू करा. बीप वाजला, तर प्रोसेसर आणि बायोस (मशीन सुरू करणारा, बोर्डावरच असलेला प्रोग्रॅम) जिवंत आहेत, बोर्डही बहुतांशी ठीक आहे. काकांच्या मशीनने बीप दिला तेव्हाच मी ते कोटेशन बाजूला ठेवलं.

लोगो येऊन पुढे अडत असेल तर घड्याळ बघा. तारीख कित्येक वर्षं मागे गेली असेल तर बोर्डावरचा सीआर २०३२ सेल संपलाय. नवा सेल ३ व्होल्टच्या किंचित वर दाखवतो, २.७ च्या खाली असेल तर मी बदलते. वर्कस्टेशनमध्ये या लहानशा सेलमुळे मोठा गोंधळ होतो. सेल संपला की बायोसचं सेटिंग मूळपदावर जाऊ शकतं, डिस्क कशी वापरायची तो मोड 'रेड'वरून (RAID) 'एएचसीआय' (AHCI) होतो आणि विंडोज निळा पडदा दाखवतं. लोक लगेच फॉरमॅट मारतात. मारू नका, बायोसमध्ये मोड पूर्ववत करा. आणि सेल काढण्याआधी डिस्कला बिटलॉकर (विंडोजचं डिस्कवरचं कुलूप) आहे का ते विचारा. असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की हाताशी ठेवा, कारण सेटिंग बदललं की ती मागितली जाऊ शकते.

हार्ड डिस्क टकटक वाजत असेल तर मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. प्रत्येक वेळी आतलं वाचणारं हेड, डेटा असलेल्या फिरत्या प्लेटवर ओरखडा काढू शकतं.

पाणी शिरलेल्या मशीनचं वेगळं सांगते. २२ जुलै २०२१ ला चिपळूणमध्ये वाशिष्ठी नदीचं पाणी दुकानांत शिरलं, त्यानंतर माझ्याकडे पिशव्या भरभरून डिस्क आल्या. साध्या हार्ड डिस्कला हवेसाठी बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत जातं. डिस्क वाळवली तर तो गाळ प्लेटवर चिकटून बसतो. कितीतरी लोकांनी डिस्क उन्हात वाळवून, "चालतेय का बघू" म्हणून मशीनला लावल्या होत्या. त्यांतल्या एकीतूनही मला काही काढता आलं नाही. काहींनी मात्र ओल्या डिस्क तशाच पिशवीत बंद करून आणल्या. त्या मी चालू न करता रिकव्हरी लॅबला पाठवल्या, आणि त्यांतल्या काहींमधले लग्नांचे फोटो परत आले.