चौथीचा इतिहास घरी कसा घ्यायचा: सुतळी, माती आणि वर्गाचा हजेरीपट

चौथीला शिकवायला लागून मला बरीच वर्षं झाली आणि दिवाळीच्या आसपास पालकांचा ठरलेला प्रश्न येतो, बाई, याला इतिहास लक्षातच राहत नाही हो, काय करू? खरं सांगायचं तर पोरांना लक्षात राहतं, चांगलं राहतं, अख्खा धडा घडाघडा म्हणतात. मागे एका मुलीनं अफजलखान भेटीची तारीख १० नोव्हेंबर १६५९ अशी न अडखळता सांगितली, आणि मधल्या सुट्टीत डबा खाता खाता मला विचारलं, बाई, तेव्हा गांधीजी होते का? तारीख येत होती तिला, पण ती तारीख इथून किती लांब आहे हे तिला कुणी दाखवलंच नव्हतं, मी पण नव्हतं दाखवलं. तेव्हापासून मी पुस्तक उघडायच्या आधी सुतळी काढते.

तर सुतळीचं सांगते. चार मीटर सुतळी, कपड्याला लावायचे चिमटे, शिंप्याची टेप आणि वहीच्या पानाच्या चिठ्ठ्या, एवढंच लागतं. एका टोकाला गाठ मारा, ती गाठ म्हणजे हे वर्ष, समजा २०२५. एक सेंटीमीटर म्हणजे एक वर्ष. आता पोराला सांगा तुझा जन्म मोज, नऊ-दहा सेंटीमीटरवर चिमटा लागतो, स्वतःचं अख्खं आयुष्य बोटाएवढं बघून पोरं जरा गप्पच होतात. मग आईचा, मग आजीचा. महाराष्ट्र राज्य झालं १९६० साली, तो चिमटा ६५ सेंटीमीटरवर. स्वातंत्र्य ७८ वर. बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी १८५३ ची, ती १७२ वर. आणि मग पोरगं सुतळी धरून मागे मागे सरकत जातं, घर लहान असेल तर दारातून बाहेर जिन्यात जातं, शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ३५१ वर आणि शिवनेरीवरचा जन्म ३९५ वर. हे अंतर त्याच्या पायांना कळतं, ते परत विसरत नाही.

आता खरी गंमत पुढे आहे. महाराजांच्या आयुष्याचे चिमटे लावायला सांगा. १६३० ते १६८०, पन्नासच सेंटीमीटर, म्हणजे आजीच्या आत्ताच्या वयापेक्षाही कमी. आणि त्यात १६५९ ते १६६६ या सात सेंटीमीटरमध्ये प्रतापगड, पन्हाळ्याचा वेढा नि पावनखिंड, लाल महाल, सुरत, पुरंदरचा तह, आग्रा, एवढं सगळं आहे. चिमटे मावतच नाहीत! एकावर एक चढतात. एक मुलगा चिमटे लावता लावता म्हणाला, बाई, यांना झोप कधी मिळाली असेल? पाठ्यपुस्तकात हे वेगवेगळे धडे असतात ना, म्हणून मुलांना वाटतं मध्ये बराच काळ गेला असेल, आणि एका मागोमाग एक संकट म्हणजे काय ते कळत नाही. सुतळीवर दिसतं. (सातवाहनांचा नाणेघाट दाखवायचा असेल तर मात्र बावीस मीटर सुतळी घ्या आणि शाळेच्या पटांगणात जा.)

सुतळी झाली की पोरं हमखास विचारतात की शिवजयंती वर्षातून दोनदा का असते. हा प्रश्न टाळू नका आणि मोठ्यांच्या वादात पण ओढू नका, इतिहास कसा तयार होतो हे दाखवायला याच्याइतकं सोपं उदाहरण मला तरी सापडलं नाही. आधी साल सांगायचं, की पूर्वी जन्म १६२७ चा धरला जायचा. पुढे जेधे घराण्याकडची एक जुनी शकावली, म्हणजे सालवार घडामोडींची टिपणं, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली, त्यात जन्मतिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे. इतर साधनांशी ताडून बघितलं गेलं आणि आता सरकारी तारीख १९ फेब्रुवारी १६३० आहे. मग दोनदा कसं, तर कुणी तिथीनं साजरी करतं, कुणी तारखेनं, तुझ्या आजीचा वाढदिवस नाही का तिथीनं करतात, तसंच. इथे मुलांना शके वरून सन काढायला द्या, साधारण ७८ मिळवायचे, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंतचे दिवस असतील तर ७९. १५५१ अधिक ७९ बरोबर १६३०. स्वतः काढलेलं उत्तर पुस्तकातल्या सालाशी जुळलं की जो चेहरा होतो ना पोरांचा, तो बघण्यासारखा असतो. राज्याभिषेक शके १५९६, ज्येष्ठातला, तो त्यांना स्वतःला काढू द्या.

दिवाळीचा किल्ला. हा तर आपल्याकडचा सगळ्यात मोठा इतिहासाचा तास आहे आणि आपण तो तयार प्लास्टरचा किल्ला आणून वाया घालवतो, मला फार वाईट वाटतं. माती, विटांचे तुकडे, गोणपाट, वर अळीव किंवा मोहरी, बास. पण करताना एक करा, पोराला आधी चित्र दाखवू नका, आधी विचारा की वर पाचशे माणसं राहणार आहेत तर पाणी कुठून आणशील? ते म्हणेल नळ. मग बसा बोलत. पावसाचं पाणी धरायला खडकात टाकी खोदायची, आणि त्यातून निघालेला दगड तटाला वापरायचा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधताना आधी पाणी बघावं असं आहेच. सिंधुदुर्गाची गोष्ट इथेच सांगा, चारी बाजूंनी खारा समुद्र आणि आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी. मग धान्य कुठे ठेवशील, यावर पन्हाळ्याचा अंबरखाना, गंगा, यमुना, सरस्वती अशी कोठारांना नावं. मग दार. सगळी मुलं दार समोर करतात, देवळासारखं. तेव्हा दोन बुरूज पुढे-मागे घेऊन दार त्यांच्या आड लपवून दाखवा, आणि हातात एक पेन्सिल देऊन म्हणा की हा ओंडका आहे, धावत येऊन दार फोड. पेन्सिल वळतच नाही, धावायला जागाच नाही. गोमुखी दार का म्हणतात आणि कशासाठी, हे मग समजवावं लागत नाही.

माची (गडाची खालची सपाटी), बालेकिल्ला (सगळ्यात उंच भाग), चोरदिंडी (लपवलेलं छोटं दार), सदर (कारभाराची जागा) हे शब्द किल्ला करता करता तोंडात बसतात. राजगड करायला घेतलात तर पद्मावती, सुवेळा, संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना काढा आणि मधे उंच बालेकिल्ला, आकार लगेच ओळखू येतो. २०२५ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आपले जे बारा किल्ले गेले त्यात राजगड आहे, आणि बारावा किल्ला जिंजी तर थेट तामिळनाडूत आहे. जिंजी नकाशात शोधायला लावा, महाराज एवढ्या लांब का गेले, हा प्रश्न आपोआप येतो.

पुढचं वर्गात करायचं आहे, पण घरी पण चालेल. अष्टप्रधान मंडळाचा धडा मुलांना जीवावर येतो, आठ नावं, आठ कामं, परीक्षेत जोड्या लावा. मी त्या दिवशी हजेरीपट घेऊन बसते. आमच्याकडे एका वर्षी एकाच वर्गात सबनीस, कारखानीस आणि फडणीस होते, मला तर लॉटरीच लागली. किल्ल्यावर सबनीस हिशेब नि हजेरी बघायचा, कारखानीस कोठाराचं बघायचा, हे सांगितल्यावर सबनीस आडनावाचा मुलगा उठला आणि म्हणाला, मग बाई आजपासून हजेरी मी घेणार. घेतली पण त्यानं वर्षभर. चिटणीस, पोतनीस, डबीर, मुजुमदार, इनामदार, देशमुख, पाटील, कुलकर्णी, तुमच्या सोसायटीच्या पाट्यांवर बघा, निम्मा कारभार जिन्यातच सापडेल. मग सांगायचं की राज्याभिषेकाच्या वेळी महाराजांनी राज्यकारभाराचे शब्द बदलायला घेतले, मुजुमदाराचा अमात्य झाला, सुरनीसाचा सचिव, डबीराचा सुमंत, सरनौबताचा सेनापती. त्यासाठी राजव्यवहारकोश करून घेतला. आणि हे लक्षात आणून द्या की पदाचं नाव बदललं पण आडनावं राहिली ती राहिलीच. एक काळजी घ्या, कुणाचं आडनाव मोठं नि कुणाचं लहान असं वर्गात अजिबात होऊ द्यायचं नाही. मावळ्यांच्या गावांची, गवंड्यांची, कुंभारांची आडनावं पण तितक्याच प्रेमानं फळ्यावर घ्या. रायगडावर जगदीश्वराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकरांचं नाव कोरलेलं आहे, गड बांधणाऱ्या माणसाचं, ते मी मुद्दाम सांगते.

आता जरा अवघड भाग. मुलं बाहेरून, मोबाईलवरून बरंच ऐकून येतात आणि वर्गात एकमेकांना काहीबाही बोलतात, तुमचे नि आमचे वगैरे. मी भाषण देत नाही. मी पुरंदरचा धडा काढते. जमिनीवर खडूनं नकाशा, त्यावर पस्तीस खडे, हे स्वराज्याचे किल्ले. मग एकाला सांगते त्यातले तेवीस उचल. उरतात बारा. वर्ग एकदम शांत होतो, जून १६६५ मध्ये काय गमावलं ते समोर दिसतं. मग विचारते, हे कुणी द्यायला लावले? उत्तर मिर्झाराजे जयसिंग. ते कोण, तर औरंगजेबाचे सेनापती, राजपूत राजा. आणि आपल्या आरमारात दर्यासारंगाबरोबर दौलतखान होता. आणि अफजलखानाचा वकील म्हणून कोण आलं होतं, तर कृष्णाजी भास्कर. मुलांना नऊ वर्षाच्या वयात हे पुरेसं असतं, की ही राज्यांची लढाई होती, आणि दोन्ही बाजूंना दोन्हीकडची माणसं होती. बाकी पुढच्या इयत्तांत वाढत जाईल. घरी बोलताना पण हे जपा, पोर आपण बोलतो तेच वर्गात बोलतं.

पुस्तकाच्या बाहेरचा इतिहास बघायला लांब जायची गरज नाही. गावच्या देवळाच्या मागे, पारावर, कधी कधी तर नाल्यात, नक्षीकाम केलेला उभा दगड असतो, त्याला कुणी म्हसोबा म्हणतं, कुणी नुसताच देव. बऱ्याचदा तो वीरगळ असतो. खालून वर वाचायचा. सगळ्यात खाली लढाई, तिथे गाई कोरल्या असतील तर गुरं वाचवताना तो वीर पडला. त्याच्या वर अप्सरा त्याला घेऊन चालल्यात. त्याच्या वर तो शिवलिंगाची पूजा करतोय, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर याची कीर्ती राहो. मुलांना कॉमिकसारखा वाचता येतो, खरंच. फक्त ओरखडायचं नाही, खडू लावायचा नाही, तेल-शेंदूर थापायचा नाही, वहीत चित्र काढायचं आणि गाव, जागा, तारीख लिहायची.

आणि घरात आजी-आजोबा असतील तर त्यांना जुन्या काळाबद्दल सांगा असं विचारू नका, त्याला आमच्या वेळी असं नव्हतं एवढंच उत्तर येतं. नेमकं विचारा. घरात लाईट कधी आली? शाळेत पाटीवर काय लिहायचात? १९७२ च्या दुष्काळात काय खाल्लं? या शेवटच्या प्रश्नाला आमच्या एका आजी वर्गात येऊन बोलल्या, खडी फोडायच्या कामावर जायच्या, तिथे सुकडी, म्हणजे कोरडं पौष्टिक खाणं, मिळायची, आणि लाल मिलोची, म्हणजे बाहेरून आलेल्या ज्वारीची, भाकरी घशाखाली उतरायची नाही. त्या बोलता बोलता थांबल्या, डोळ्याला पदर लावला. पोरांनी कुणी न सांगता त्या दिवशी डब्यातलं काही टाकलं नाही. तेव्हा तो चिमटा पण लावला आम्ही, ५३ सेंटीमीटरवर.

परीक्षेपुरतं एवढंच करा, धडा झाल्यावर पुस्तक मिटून पोराला तीन वाक्यांत सांगायला लावा, कुठे, कुणी, आणि मग काय झालं. रिकाम्या जागा शेवटच्या दोन दिवसांत होतात. बालभारतीचं पुस्तक नेटवर पीडीएफमध्ये फुकट आहे, गाईड घेऊ नका, त्या पैशात एसटीनं जवळच्या एका गडावर जाऊन या.

गडावर जाताना पोराच्या दप्तरात टेप आणि वही टाका. पहिलं टाकं दिसलं की कठड्याजवळ तुम्ही स्वतः त्याचा हात धरा, लांबी-रुंदी मोजू द्या, पाटीवर खोली असेल तर ती पण उतरवून घ्या आणि पाचशे माणसांना किती दिवस पुरेल ते त्यालाच काढू द्या.