लिनक्सच्या फाइल मॅनेजरमध्ये ड्राइव्हचे नाव कसे बदलावे

डाव्या पट्टीत ‘५०० जीबी व्हॉल्यूम’ असे काही दिसत असेल, तर त्या पार्टिशनवरच्या (ड्राइव्हच्या त्या भागावरच्या) फाइल सिस्टीमला लेबल, म्हणजे नाव, दिलेले नाही. म्हणून फाइल मॅनेजर आकारावरून नाव बनवतो. लेबल दिले की काम झाले.

ग्नोम डिस्क्समध्ये (ग्नोम डेस्कटॉपचे ड्राइव्ह हाताळणारे अ‍ॅप) ड्राइव्ह उघडा, हवे ते पार्टिशन निवडा आणि दातेरी चक्राच्या मेनूतून ‘एडिट फाइलसिस्टम’ घ्या. शेजारीच ‘एडिट पार्टिशन’ आहे आणि त्यातही नावाची चौकट असते. घोटाळा इथेच होतो: ते नाव जीपीटी तक्त्यात (ड्राइव्हवरच्या पार्टिशनच्या यादीत) जाते, ग्नोमच्या पट्टीत दिसत नाही. जीपार्टेड या पार्टिशनच्या अ‍ॅपमध्येही ‘लेबल फाइल सिस्टम’ आणि ‘नेम पार्टिशन’ वेगळे आहेत. आपल्याला पहिले हवे.

एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टीम) असेल तर आधी अनमाउंट करा, म्हणजे लिनक्सपासून तात्पुरते सोडवा. विंडोजचे फास्ट स्टार्टअपही बंद हवे, नाहीतर विंडोज ते पार्टिशन अर्धवट अवस्थेत सोडून जाते.

लेबलच्या लांबीला मर्यादा आहे: लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टीमला १६ बाइट, एक्सएफएसला १२ बाइट, एनटीएफएसला ३२ अक्षरे. देवनागरीत प्रत्येक वर्ण, मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरातला हलंत वेगवेगळा मोजला जातो आणि प्रत्येकाला ३ बाइट लागतात. म्हणून ईएक्सटी४ वर ‘संगीत’ (१५ बाइट) बसते, ‘चित्रपट’ (२१) बसत नाही.

लेबल बदलले की आपोआप माउंट होणाऱ्या ड्राइव्हचा पत्ताही बदलतो, कारण माउंटचे फोल्डर लेबलवरूनच बनते. जुने बुकमार्क, सिमलिंक (दुसऱ्या फाइल वा फोल्डरकडे नेणारे दुवे), बॅकअपच्या स्क्रिप्ट तपासा. एफस्टॅबमध्ये (बूट होताना माउंट करायच्या ड्राइव्हची यादी असलेल्या फाइलमध्ये) ड्राइव्ह लेबलने नोंदवलेला असेल तर हे जास्त गंभीर: ओळ जुनीच राहिली तर पुढचे बूट इमर्जन्सी मोडमध्ये अडकू शकते. तिथे यूयूआयडी (फाइल सिस्टीमचा स्वतंत्र ओळखक्रमांक) वापरा, लेबल कितीही बदलले तरी तो तोच राहतो.

एफस्टॅबमधून माउंट होणाऱ्या ड्राइव्हला लेबल असूनही बहुधा फोल्डरचेच नाव दिसते. तिथे ऑप्शनच्या रकान्यात स्वल्पविराम देऊन ‘एक्स-जीव्हीएफएस-शो’ आणि ‘एक्स-जीव्हीएफएस-नेम’ हे दोन पर्याय जोडा, अर्थातच लहान इंग्रजी अक्षरांत. दुसऱ्यापुढे बरोबरचे चिन्ह आणि नाव. नावात मोकळी जागा हवी असेल तर तिच्या जागी ‘%२०’, आकडे इंग्रजी. फाइल बदलण्याआधी तिची प्रत ठेवा आणि रीबूट करण्यापूर्वी ‘सुडो माउंट -ए’ चालवून चूक येते का पाहा. केडीई डेस्कटॉपचा फाइल मॅनेजर डॉल्फिन जीव्हीएफएस (ग्नोमची फाइल हाताळणारी व्यवस्था) वापरत नाही, त्यामुळे तिथे या पर्यायांचा उपयोग नाही.