बडोद्याच्या ओव्हनमध्ये आयरिश सोडा ब्रेड

१७ मार्च, सेंट पॅट्रिक डे, म्हणजे आयरिश लोकांचा सण. हिरवी बिअर आणि कॉर्न्ड बीफ (खारवलेलं गोमांस) हे अमेरिकेतल्या आयरिश वस्तीचं प्रस्थ. खुद्द आयर्लंडमध्ये सोडा ब्रेड (यीस्टऐवजी खाण्याच्या सोड्याने फुगवलेला), लोणी आणि दुधाचा कडक चहा रोजचाच. गुजरातेत दारूबंदी, तेव्हा बडोद्यात चहाच बरा.

मैदा २५० ग्रॅम, कणीक २०० ग्रॅम, खाण्याचा सोडा आणि मीठ एकेक सपाट चमचा. आंबट दही २५० मिली, १०० मिली पाण्यात घुसळून. पॅकेटमधली मसाला छास चालणार नाही. ती पातळ असते आणि जिऱ्या-हिंगाचा वास ब्रेडला लागतो. मार्चच्या उकाड्यात दही लवकर आंबतं, ते इथे पथ्यावरच पडतं. दही गोड असेल तर चमचाभर लिंबाचा रस घाला.

सोडा पिठाबरोबर दोनदा चाळा. गुठळी राहिली की ब्रेडमध्ये पिवळे डाग पडतात आणि घास साबणासारखा लागतो. ओव्हन आधीच २२० अंशांवर तापवा, कारण ताक पडताक्षणी सोडा वायू सोडायला लागतो आणि ताटकळलेलं पीठ बसतं.

पीठ मळू नका! पोळ्यांची सवय असलेल्या हाताला हे जड जातं, पण मळलं की ब्रेड चिवट होतो. ताक मध्ये ओतून, बोटं फाकवून अर्ध्या मिनिटात गोळा करा. तो चिकट, ओबडधोबडच हवा. चार सेंटीमीटर उंच थापून वर खोल फुली मारा, म्हणजे मधला भाग कच्चा राहत नाही.

२२० अंशांवर १५ मिनिटं, मग २०० वर २५ ते ३०. ओटीजीत, म्हणजे घरगुती विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये, वरचा रॉड जवळ असतो. लाली लवकर आली तर फॉइल झाका. ब्रेड उलटून बुडावर टिचकी मारा. पोकळ आवाज आला तर झाला, दबका आला तर आणखी पाच मिनिटं.

ओव्हन नसेल तर निम्म्या मापाचा ब्रेड जाड कढईत, मिठाच्या थरावर जाळी ठेवून, झाकण लावून होतो. आयर्लंडमध्येही पूर्वी बास्टिबल नावाच्या लोखंडी भांड्यात, झाकणावर निखारे ठेवूनच भाजत. कढईत वरून रंग येत नाही, म्हणून शेवटी तव्यावर उलटून भाजा.

सुती फडक्यात गुंडाळून अर्धा तास थांबा. गरम कापला तर आत चिकट लागतो. दुसऱ्या दिवशी कोरडा पडतो, तेव्हा उरलेले काप लोणी लावून तव्यावर परता.