मलबार नीम लावताय? फांद्या वेळेवर काढा

प्लायवूडसाठी मलबार नीम लावायचा तर पहिली दोन वर्षं हातात कात्री हवीच. हे झाड भराभर वाढतं, साधारण 6 ते 8 वर्षांत तोडणीला येतं. पण भाव मिळतो तो सरळ, बिनगाठीच्या खोडाला, कारण खोड फिरवून त्याचा पातळ पापुद्रा सोलतात आणि जिथे गाठ तिथे पापुद्रा फाटतो. म्हणून बाजूची फांदी अंगठ्याएवढी होण्याआधीच खोडालगत छाटा, साल मात्र सोलू देऊ नका. उशीर झाला की गाठ कायमची आत राहते. शेंड्याकडचा पाला ठेवाच. सगळाच काढला तर झाड जोर कशाच्या बळावर धरणार?

जमीन निचऱ्याची हवी, पाणी साचणाऱ्या काळ्या रानात हे झाड टिकत नाही. बी उगवायला फार त्रास देतं, त्यामुळे सरळ रोपंच आणा. 10 बाय 10 फुटांवर एकरी साधारण 435 बसतात, आणि सुरुवातीला मधे उडीद-मूग निघतो.

लावलेल्या झाडांची नोंद ई-पीक पाहणीत, म्हणजे सातबाऱ्यावर पीक नोंदवायच्या सरकारी मोबाइल ॲपमध्ये, आठवणीने करा.