आउटलुक उघडताच बंद पडतं, तेव्हा हात लावण्याआधीची तयारी

एखाद्या ऑफिसातून 'आउटलुक बंद पडतंय' असा फोन आला की निघायची घाई होते, पण आधी बॅगेत बाहेरची हार्ड डिस्क टाका. पेन ड्राइव्ह नव्हे, हार्ड डिस्क. निदान 500 जीबीची, अर्धी तरी मोकळी, आणि एनटीएफएस किंवा एक्सफॅट फॉरमॅटची. ऑफिसात पडलेले 16-32 जीबीचे पेन ड्राइव्ह बहुतेक फॅट32 असतात आणि फॅट32 वर 4 जीबीहून मोठी एकही फाइल बसत नाही, मग ड्राइव्ह पूर्ण रिकामा का असेना. वागळे इस्टेटमधल्या एखाद्या जुन्या युनिटची आठ-दहा वर्षांच्या मेलची पीएसटी, म्हणजे आउटलुक ज्यात मेल साठवतं ती फाइल, 4 जीबीत मावेल ही आशाच सोडा. कॉपी करायला जावं तर विंडोज सांगतं, फाइल फार मोठी आहे, आणि मग वाटतं की जाऊ दे, आधी रिपेअर तर करून बघू. घात होतो तो इथेच. घोडबंदर रोडवरून महापेला पोहोचायचं आणि डिस्कसाठी परत फिरायचं म्हणजे अर्धा दिवस गेला. डिस्क आदल्या रात्रीच बॅगेत ठेवा.

फोनवरच काही गोष्टी विचारून घ्या. पहिली, कोणतं आउटलुक? हल्ली एकाच मशीनवर दोन असतात, जुनं आणि नवं, आणि वरच्या कोपऱ्यातलं बटण चुकून दाबलं गेलं की माणूस नव्यात जातो आणि 'माझं आउटलुक बिघडलं' म्हणून फोन करतो. टास्क मॅनेजरमध्ये जुनं आउटलुक डॉट ईएक्सई या नावाने दिसतं, नवं ओएलके डॉट ईएक्सई या नावाने. पुढचं सगळं जुन्याबद्दल आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची: खातं पॉप (मेल मशीनवर उतरवून घेणारं) आहे, आयमॅप (मेल सर्व्हरवरच ठेवणारं) आहे की मायक्रोसॉफ्ट 365 चं? ऑफिसातल्या माणसाला हे माहीत नसतं, त्यामुळे प्रश्न असा विचारा: 'मोबाइलवर किंवा ब्राउझरमध्ये मागच्या वर्षीचा मेल दिसतो का?' नाही म्हणाले तर पॉप धरून चला. वेबसाइटसोबत मिळालेल्या दोन-पाच जीबीच्या मेलबॉक्सवर चालणाऱ्या ऑफिसांत बहुधा पॉपच असतं, कारण सर्व्हरवर जागाच नसते. आउटलुकमध्ये पॉप खातं जोडलं की सर्व्हरवरची प्रत 14 दिवसांनी काढून टाकायची सेटिंग आपोआप लागलेली असते. त्याआधीचा प्रत्येक मेल जगात फक्त त्या एका पीएसटीत आहे. पाठवलेले मेल तर सर्व्हरवर कधी नव्हतेच. पार्टीशी ठरलेले दर, पीओ (खरेदीच्या ऑर्डरी), बँकेशी झालेला पत्रव्यवहार, सगळं त्या एका फाइलमध्ये आहे. म्हणून ती डिस्क.

आयमॅप असेल तर लोक निर्धास्त होतात, तेही बरोबर नाही. मेल सर्व्हरवर असतात हे खरं, पण आउटलुक 2013 पासून आयमॅप खात्याचे कॉन्टॅक्ट आणि कॅलेंडर 'धिस कॉम्प्युटर ओन्ली' म्हणून स्थानिक ओएसटी फाइलमध्येच (सर्व्हरवरच्या मेलची मशीनवरची प्रत) राहतात. ओएसटी काय, पुन्हा बनते, म्हणत उडवली की पत्ते गेले. मायक्रोसॉफ्ट 365 च्या खात्यात ओएसटी खरंच पुन्हा बनते, पण तिथेही बाजूला एखादी अर्काइव्हची पीएसटी निघतेच.

पासवर्ड आधी मागवा: विंडोजच्या ॲडमिन खात्याचा आणि मेलचा. सर्व्हरचं नाव आणि पोर्ट लिहून घ्या. सुरक्षित पॉपला 995, आयमॅपला 993, पाठवायला 465 किंवा 587. जीमेल पॉप किंवा आयमॅपने जोडलेलं असेल तर नेहमीचा पासवर्ड हाताने टाकून चालेलच असं धरू नका. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून 16 अक्षरी ॲप पासवर्ड काढावा लागू शकतो आणि त्यासाठी ज्याचा मोबाइल नंबर जोडलाय तो माणूस हजर लागतो. साहेब गावाला गेलेत हे खुर्चीत बसल्यावर कळलं तर काम तिथेच अडलं.

तारीखही बघा. 11 तारखेला जीएसटीआर-1, 20 ला 3बी, या जीएसटीच्या मासिक विवरणपत्रांच्या मुदती. त्याच्या आदल्या दिवशी नौपाड्यातल्या सीएच्या ऑफिसात किंवा वाशीच्या मार्केटातल्या गाळ्यावर गेलात तर कुणीतरी मागे उभं राहून म्हणणार, 'अहो, तेवढं इन्व्हॉइस जाऊ द्या ना आधी!' त्यांचंही बरोबर आहे. पोहोचल्याबरोबर ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून द्या, आजचं काम तिथून होऊ दे. मागची घाई थांबली तरच कॉपीला वेळ मिळतो.

आता मशीनसमोर. काहीही दुरुस्त करायचं नाही. सेफ मोड नाही, रिपेअर नाही, विंडोज अपडेट नाही. आधी पीएसटीची कॉपी.

क्रॅश झालेलं आउटलुक बऱ्याचदा पडद्यावरून जातं पण मागे चालूच राहतं आणि फाइल धरून ठेवतं. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये ते दिसलं तर एंड टास्क करा. मग फाइल शोधा, अंदाजाने नाही: कंट्रोल पॅनेल, मेल, डेटा फाइल्स. आउटलुक न उघडता तिथे प्रत्येक फाइलचा पूर्ण पत्ता दिसतो. साधारणपणे डॉक्युमेंट्सच्या आउटलुक फाइल्स फोल्डरमध्ये, जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये ॲपडेटा या लपलेल्या फोल्डरच्या आत. एवढ्यावर थांबू नका, सगळ्या ड्राइव्हवर पीएसटी एक्स्टेन्शनने शोध घ्या. डी ड्राइव्हवर 'ओल्ड मेल' नावाची एखादी सापडेल आणि नेमकी तीच कुणाला तरी हवी असते.

पत्त्यात वनड्राइव्ह दिसलं तर तिथेच थबका. डॉक्युमेंट्सचा बॅकअप वनड्राइव्हवर चालू केला की आउटलुक फाइल्स फोल्डरही त्यात जातो आणि आउटलुक लिहीत असलेली फाइल सिंक मधेच धरतं. कारण हेच असण्याची शक्यता बरीच. सिंक पॉज करा, मग कॉपी. दुरुस्तीनंतर पीएसटी वनड्राइव्हबाहेर, साध्या स्थानिक फोल्डरमध्ये हलवा.

कॉपी म्हणजे कॉपी, कट नाही. डिस्क निळ्या यूएसबी पोर्टला लावा. काळ्या पोर्टवर 20 जीबीला दहा-बारा मिनिटं सहज लागतात, आणि मोठ्या फाइलला जीव कंटाळतो. कॉपी झाली की दोन्ही फाइलींची प्रॉपर्टीज उघडून बाइट्समधला आकार शेवटच्या अंकापर्यंत जुळवा. जमेल तर कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल वापरून दोन्हींचा शा-256 हॅश (फाइलमधल्या मजकुरावरून निघणारी अक्षर-अंकांची खूण) काढा, अक्षरं सारखी आली म्हणजे प्रत खरी. या प्रतीला यापुढे हात लावायचा नाही. 'उघडते का बघू' म्हणून ती आउटलुकला जोडायची नाही, कारण नुसती उघडली तरी आउटलुक तिच्यात लिहितं. बघायचंच असेल तर प्रतीची प्रत काढा.

कॉपी मध्येच सायक्लिक रिडंडन्सी चेक म्हणून अडकली तर दुखणं आउटलुकचं नाही, मशीनच्या डिस्कचं आहे. त्या मशीनवर बाकी सगळं थांबवा आणि आधी डेटा बाहेर काढायचं बघा.

त्याच डिस्कवर आणखी दोन फोल्डर घ्या. ॲपडेटा रोमिंगमधलं मायक्रोसॉफ्टच्या आतलं सिग्नेचर्स, आणि ॲपडेटा लोकलमधलं मायक्रोसॉफ्टमधल्या आउटलुकच्या आतलं रोमकॅश. 'टू'मध्ये दोन अक्षरं टाइप केली की खाली पत्त्यांची यादी येते, ती या रोमकॅशमध्ये असते. अकाउंटच्या टेबलावरच्या मॅडमनी पुरवठादारांचे पत्ते कुठे लिहून ठेवलेले नसतात, ती यादीच त्यांचं रजिस्टर. ती गेली तर मेल परत आले तरी काम अडतं.

झाली कॉपी? आकार जुळला? मग पुढे.

इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्स, ॲप्लिकेशन, इव्हेंट आयडी 1000. त्यात फॉल्टिंग मॉड्यूल या ओळीत ज्या डीएलएलचं (प्रोग्रामच्या मदतनीस फाइलचं) नाव आहे ते वाचा. एखाद्या ॲड-इनची (आउटलुकला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामची) असेल तर निम्मं काम झालं. एनटीडीएलएल किंवा कर्नलबेस ही विंडोजची स्वतःची फाइल असेल तर त्यावरून काही ठरवू नका, कुणाचाही दोष शेवटी तिथे दिसतो. आणि शेजारच्या टेबलावर चौकशी करा. एकाच सकाळी तीन मशीनवर आउटलुक पडत असेल तर प्रोफाइलशी (आउटलुकमधल्या खाती-सेटिंग्जच्या संचाशी) खेळू नका. 15 जुलै 2020 ला जगभर आउटलुक उघडताच बंद पडत होतं, कोड 0xसी0000005, आणि दोष मायक्रोसॉफ्टच्या बाजूला होता, दुरुस्तीही तिथूनच झाली. त्या दिवशी ज्यांनी प्रोफाइलं उडवली, त्यांनी धडधाकट गोष्ट मोडली.

मग सेफ मोड. कंट्रोल की दाबून धरून आउटलुकच्या आयकॉनवर क्लिक, विचारलं की होय. किंवा रनमध्ये इंग्रजीत आउटलुक, एक जागा सोडून स्लॅश सेफ. उघडलं तर संशय ॲड-इनवर. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स, खाली कॉम ॲड-इन्स निवडून गो. सगळ्यांपुढच्या टिक-खुणा काढा, रिमूव्ह करू नका. मग एकेक चालू करत दरवेळी आउटलुक बंद-चालू. अँटिव्हायरसचं मेल तपासणारं, पीडीएफ बनवणारं, फोन सिंक करणारं, कुणीतरी कधीतरी टाकलेलं सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी ठेवणारं), सुरुवात यांच्यापासून करा. टीक निघत नसेल आणि एचकेइवाय लोकल मशीनबद्दल संदेश येत असेल तर आउटलुक ॲडमिन म्हणून उघडून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, पण दोन-दोन एकदम चालू करून वेळ वाचत नाही.

सेफ मोडमध्येही पडलं तर रनमध्ये तसंच आउटलुकपुढे स्लॅश रिसेटनॅव्हपेन एकदा करून बघा. फोल्डरांचा संच उघडता येत नाही अशा संदेशावर खास करून. फेव्हरिट्स जातील, मेल जात नाहीत.

नाहीच जमलं तर नवं प्रोफाइल. इथे पुन्हा विचारतो: पीएसटीची कॉपी बाहेरच्या डिस्कवर आहे ना? त्याच सी ड्राइव्हवर डेस्कटॉपवर ठेवलेली कॉपी ही कॉपी नव्हे. असेल तरच कंट्रोल पॅनेल, मेल, शो प्रोफाइल्स, ॲड. जुनं प्रोफाइल रिमूव्ह करू नका, नुसतं बाजूला राहू दे. प्रॉम्प्ट फॉर अ प्रोफाइल निवडा आणि नवं आधी खात्याशिवाय उघडून बघा. उघडलं तर प्रोग्राम शाबूत, दोष जुन्या प्रोफाइलचा किंवा फाइलचा. पॉप खातं जोडताना 'एक्झिस्टिंग आउटलुक डेटा फाइल' निवडायचं, पण पीएसटी तपासल्यानंतरच. नाहीतर नवी रिकामी फाइल बनते आणि समोरचा माणूस रिकामा इनबॉक्स बघून घाबरतो. सर्व्हरवर उरलेले अलीकडचे मेल दुबार येतील, हे त्यांना आधीच सांगून ठेवा.

पीएसटी तपासायला स्कॅनपीएसटी, ऑफिसच्या रूट फोल्डरात ऑफिस16 च्या आत. चालवायचं मूळ फाइलवर, डिस्कवरच्या प्रतीवर नाही. बॅकअपची टीक तशीच राहू द्या. ते आणखी एक पूर्ण आकाराची बीएके फाइल बनवतं, म्हणून ड्राइव्हवर तेवढी जागा हवी. एकदा चालवून थांबू नका, चुका शून्य होईपर्यंत पुन्हा-पुन्हा. खराब झालेले तुकडे ते सरळ काढून टाकतं आणि काही मेल परत येतच नाहीत. कॉपी का, याचं सगळ्यात मोठं कारण हे. पावसाळ्यात लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी मेलेली असेल तर अर्धवट राहिलेला स्कॅन फाइल पुरती घालवतो, तेव्हा यूपीएस आधी तपासा. आकारही बघा: आउटलुक 2002 आणि त्याआधीच्या जुन्या पीएसटीची मर्यादा 2 जीबी, 2010 पासून पुढे 50 जीबी. काठावर असेल तर अर्काइव्ह करून फोडा.

यानंतर ऑफिसचं क्विक रिपेअर. मग ऑनलाइन रिपेअर, ते म्हणजे जवळजवळ नव्याने इन्स्टॉल. काही जीबी उतरतात, मोबाइल हॉटस्पॉटवर नको. एक्सेल-वर्ड सेव्ह करून बंद, ऑफिसचं खातं किंवा की हाताशी. विंडोज 10 वर ऑफिस 2016 किंवा 2019 असेल तर दोघांचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय, हे मालकांना स्पष्ट सांगा.

आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा मेल प्रोग्राम असेल तर क्रम तोच. रोमिंगमधलं पूर्ण थंडरबर्ड फोल्डर कॉपी, मग शिफ्ट दाबून ट्रबलशूट मोड, मग ॲड-ऑन, मग रनमध्ये थंडरबर्डपुढे वजा पी देऊन नवं प्रोफाइल. एमएसएफ फाइली (मेलच्या नुसत्या सूची) उडवल्या तरी पुन्हा बनतात. त्याच नावाच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या फाइलींत मेल असतात, त्यांना हात नको.

निघण्याआधी एक मेल पाठवा, एक मागवा, मशीन रीस्टार्ट करून आउटलुक दोनदा उघडा, सही आणि पत्त्यांची यादी बघा. जुनं प्रोफाइल आणि बीएके महिनाभर तसंच. डिस्कवरच्या कॉपीवर तारीख घाला आणि ती त्यांच्याच डिस्कवर टाकून मालकांच्या ताब्यात द्या. त्यांचा पत्रव्यवहार तुमच्या बॅगेत राहता कामा नये, पण त्यांच्याकडची प्रत उघडून बाइट्स जुळवल्याशिवाय तुमची डिलीट करू नका.