एस्क्यूलाइट वापरताना या चुका टाळा: सेटिंग कनेक्शनची की फाइलची?

एस्क्यूलाइट (SQLite) या डेटाबेस प्रणालीला वेगळा सर्व्हर लागत नाही. ते ॲप्लिकेशनच्याच प्रोसेसमध्ये लायब्ररी म्हणून चालते. मात्र त्याच्या अनेक महत्त्वाच्या सेटिंग्ज डेटाबेसच्या नसून त्या त्या कनेक्शनच्या (ॲपने डेटाबेसशी उघडलेल्या जोडणीच्या) असतात, आणि हे लक्षात न घेतल्यामुळेच पुढील बहुतेक अडचणी उद्भवतात.

सर्वाधिक गोंधळ मेमरीतल्या डेटाबेसचा होतो. टेस्टच्या सुरुवातीला टेबल तयार होते, पुढच्याच क्वेरीला ‘नो सच टेबल’ अशी एरर येते आणि मायग्रेशनच (टेबलांची रचना तयार करणारी किंवा बदलणारी स्क्रिप्ट) चुकले असे समजून शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. वास्तविक मेमरीसाठी उघडलेले प्रत्येक कनेक्शन स्वतःचा कोरा डेटाबेस घेऊन येते, त्यामुळे पूलने (उघडी कनेक्शन राखून वापरायला देणाऱ्या संचाने) दुसरे कनेक्शन दिले की टेबल दिसत नाही. पूलची मर्यादा १ ठेवल्यास काम भागते. तरीही माझ्या मते प्रत्येक टेस्टसाठी तात्पुरत्या फोल्डरमध्ये खरी फाइल तयार करणे अधिक चांगले, कारण मेमरीतल्या डेटाबेसवर वॉल मोड (WAL, म्हणजे बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) चालत नाही आणि लॉकिंगच्या चुका टेस्टमध्ये उघड होतच नाहीत.

फॉरेन कीची (एका टेबलातून दुसऱ्या टेबलातील नोंदीकडे जाणाऱ्या दुव्याची) तपासणी सहसा मुळातच बंद असते. ‘प्रॅग्मा फॉरेन कीज’ (प्रॅग्मा म्हणजे सेटिंग बदलण्याची किंवा विचारण्याची आज्ञा) प्रत्येक नव्या कनेक्शनवर चालू करावा लागतो, आणि तो ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या क्रियांचा गट) सुरू झाल्यावर दिला तर एररही न येता निष्फळ ठरतो. प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळणाऱ्या फ्रेमवर्कमध्ये हे हमखास घडते. म्हणून तोच प्रॅग्मा विचारून उत्तर १ येते का, हे पाहावे.

‘डेटाबेस इज लॉक्ड’ ही एरर दिसताच बिझी टाइमआउट (लॉक सुटण्याची वाट पाहण्याची मुदत) वाढवला जातो. त्याचे मूळ मूल्य ० असल्याने, म्हणजे क्षणभरही थांबण्याची सोय नसल्याने, ५००० मिलिसेकंद देणे रास्तच आहे. परंतु वॉल मोडमध्ये आधी वाचून मग लिहिणाऱ्या ट्रान्झॅक्शनला, मधल्या वेळेत दुसऱ्या कनेक्शनने लिहिले असल्यास, टाइमआउट कितीही मोठा असला तरी ही एरर तत्काळ मिळते. अशा ठिकाणी ‘बिगिन इमिजिएट’ने (सुरुवातीलाच लिहिण्याचा लॉक घेणाऱ्या आज्ञेने) सुरुवात करावी आणि ट्रान्झॅक्शन लहान ठेवावा.

वॉल मोड मात्र फाइलमध्येच कायम राहतो, आणि ताजे बदल काही काळ शेजारच्या वॉल फाइलमध्ये असतात. त्यामुळे चालू ॲपची केवळ मुख्य फाइल कॉपी करून बॅकअप घेऊ नये. ‘व्हॅक्यूम इनटू’ (डेटाबेसची पूर्ण प्रत नव्या फाइलमध्ये काढणारी आज्ञा) वापरावे.