वेल ग्रिलभर पसरली पण फूल एक नाही? या चुका टाळा

मुंबईत गॅलरीतल्या वेली मरतात कमी, पण नुसती पानं, फूल नाही ही तक्रार घरोघरी असते. आणि कारण बहुतेक वेळा आपणच केलेले लाड.

पाणी घ्या आधी. बोगनवेलीला रोज सकाळी तांब्याभर पाणी घालू नका, ती मूळची दक्षिण अमेरिकेतली, माती जरा कोरडी पडली की मगच बहरते. बोट घालून बघा, वरची इंच-दोन इंच माती सुकली असेल तरच द्या. जून ते सप्टेंबर कुंडीखालच्या ताटल्या काढूनच टाका, मुळं कुजतात आणि डासही होतात. आणि हे नीट लक्षात ठेवा, माती ओली असूनही पानं मलूल, पिवळी दिसत असतील तर ती तहान नाही, मुळं गुदमरलीयत, लोक नेमकं तेव्हाच अजून पाणी घालतात आणि वेल जाते! कुंडी पावसातून आत घ्या, खालची भोकं काडीने मोकळी करा, माती सुकेपर्यंत पाणी बंद. नुसती लाल माती भरली असेल तर पुढच्या वेळी त्यात शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि जाड वाळू मिसळा, नुसती लाल माती घट्ट बसते.

युरिया नकोच. त्यातलं नत्र (नायट्रोजन) जास्त झालं की पानंच येतात. गोकर्ण तर शेंगवर्गातली, तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र घेतात, तिला वरून कशाला? तिच्या शेंगा मात्र काढत रहा, नाहीतर सगळी ताकद तिकडेच जाते, बियांसाठी फक्त दोनचार ठेवा.

ऊन पाच-सहा तास थेट हवं. समोर टॉवर उभा राहिला असेल तर कितीही खत घाला, बोगनवेल फुलणार नाही.

छाटायला लोक फार घाबरतात, मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण बोगनवेल, जाई, जुई सगळ्यांना फुलं नव्या फुटीवर येतात. बोगनवेल पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात छाटा, जाई-जुई डिसेंबर-जानेवारीत. मधुमालती सरळ वर जाऊ दिली की फुलांचे घोस वरच्या मजल्यावरच्या काकूंना दिसतात आणि आपल्याकडे खाली नुसत्या काड्या, म्हणून फांद्या ग्रिलवर आडव्या वळवून सुतळीने सैल बांधा, आडव्या फांदीला जागोजागी फूट येते. तार नको, खोड जाड झालं की ती आत रुतते.

वेलीवर मुंग्यांची रांग दिसली तर पानांची मागची बाजू बघा, मावा किंवा पांढरा पिठ्या ढेकूण (दोन्ही रस शोषणारे बारीक किडे) बहुतेक वेळा असतो. जोरात पाणी मारून धुवा, मग लिटरभर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा लिक्विड साबण घालून संध्याकाळी फवारा, भर उन्हात फवारलं तर पानं करपतात, आणि आठवड्याने परत एकदा मारा कारण अंडी पहिल्यांदा मरत नाहीत.